संन्यासी, सत्याग्रही आणि ज्ञानकोशातली नोंद

पालमच्या महाविद्यालयातून पदवी घेणाऱ्या मुलाच्या गुणपत्रिकेवर स्वामी रामानंद तीर्थ हे नाव छापलेले असते. १९९४ साली नांदेडला स्थापन झालेल्या विद्यापीठाचे ते नाव. पण स्वामीजी कोण, हे शोधायला तो मुलगा ग्रंथालयात क्वचितच जातो. तो मोबाइलवर विकिपीडिया उघडतो. म्हणूनच तिथल्या चरित्रनोंदींवर काम करताना मला एक प्रश्न महत्त्वाचा वाटत आला आहे : जो माणूस संन्यासी होता आणि राजकीय नेताही, त्याची नोंद लिहायची कशी?

पहिली अडचण नावाची. नोंदीच्या चौकटीत जन्मनाव द्यावे लागते. व्यंकटेश खेडगीकर हे नाव तिथे आले की संन्यासाने जो पूर्वाश्रम टाकला, तो ज्ञानकोश परत आणून बसवतो. तरीही ते द्यायला हवे. कामगार नेते ना. म. जोशी यांच्याबरोबर काम करणारा तरुण आणि हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेतला शिक्षक त्या नावाखालीच सापडतो. संन्यासाच्या आधीची ही घडण गाळली, तर स्वामीजी आभाळातून पडल्यासारखे वाटतात.

दुसरी अडचण भाषेची. तटस्थता हे ज्ञानकोशाचे पहिले पथ्य; पण मराठीत आदरार्थी बहुवचन टाळून ‘तो तुरुंगात गेला’ असे लिहिले, तर वाचकाला ती तटस्थता वाटत नाही, अवमान वाटतो. बहुवचन हा आपल्या भाषेचा शिष्टाचार आहे. तो राहू द्यावा. पक्षपात शिरतो तो विशेषणांतून. ‘थोर’, ‘तेजस्वी’, ‘युगपुरुष’ हे शब्द पुण्यतिथीच्या भाषणात शोभतात. नोंदीत ते पुराव्याची जागा अडवतात. ‘३ ऑक्टोबर १९०३ रोजी जन्म, २२ जानेवारी १९७२ रोजी निधन’ या ओळीला विशेषणाची गरज नसते.

खरा कस लागतो १९३८ पाशी. त्या वर्षी निजाम सरकारने स्टेट काँग्रेसवर बंदी घातली. ही संघटना जातीय आहे, असा सरकारचा आरोप होता. ऑक्टोबरात सत्याग्रह सुरू झाला आणि स्वामीजी तुरुंगात गेले. त्याच सुमारास आर्य समाज आणि हिंदू महासभा यांचेही आंदोलन चालू होते. दोहोंची सरमिसळ होऊ नये म्हणून गांधीजींच्या सल्ल्याने काँग्रेसने डिसेंबरात आपला सत्याग्रह तहकूब केला. आता नोंदीच्या पहिल्याच ओळीत कोणी भगव्या वस्त्रांकडे बघून ‘हिंदू नेते’ असे लिहिले, तर निजाम सरकारचा आरोप आपणच मान्य केल्यासारखे होते. उलट, ‘संन्यासी’ हा शब्दच काढला, तर त्यांच्या आयुष्याचा कणा जातो. ‘संन्यासी आणि हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते’ एवढी ओळ मला पुरेशी वाटते. ती दोन्ही गोष्टी सांगते. एकीला दुसरीचे कारण ठरवत नाही.

अशा नोंदींचा सर्वांत कच्चा भाग म्हणजे मतभेद. बुर्गुल रामकृष्णराव यांचा मवाळ गट आणि स्वामीजींचा गट यांच्यातला ताण स्टेट काँग्रेसच्या इतिहासात उघड आहे. १९५२ मध्ये मुख्यमंत्री झाले ते रामकृष्णराव. स्वामीजी त्या वर्षी गुलबर्ग्यातून आणि १९५७ मध्ये औरंगाबादहून लोकसभेवर गेले. हैदराबाद संस्थानाचे भाषेनुसार विभाजन व्हावे, या बाजूचे ते होते. १९५६ साली तसे झाले. हा सारा भाग गाळून चरित्र १७ सप्टेंबर १९४८ ला संपवले, की माणसाचा पुतळा होतो. पोलीस कारवाईनंतर मराठवाड्यातल्या मुसलमानांनी जे सोसले, त्याची चौकशी सुंदरलाल समितीने केली होती. मुक्तिसंग्रामाच्या कोणत्याही नोंदीला ते पान वगळून पुढे जाता येणार नाही.

स्वामीजींनी आपल्या आठवणी इंग्रजीत लिहिल्या. त्या मोलाच्या आहेत, पण नोंद केवळ त्यांवर उभी राहू शकत नाही. चरित्रनायकाची साक्ष ही साक्षच असते, निकाल नव्हे. तिच्याशेजारी सहकाऱ्यांची, विरोधकांची आणि सरकारी दफ्तराची साक्ष ठेवावी लागते. आपल्या गावोगावी मुक्तिसंग्रामाच्या स्मरणिका, सत्कारग्रंथ पडून आहेत. त्यांतले गौरवाचे परिच्छेद बाजूला ठेवून तारखा, गावे आणि नावे वेचणे हे आज मराठवाड्यातल्या अभ्यासकाचे काम आहे. ज्याने स्वतःचे नावसुद्धा सोडले, त्याला विशेषणांची आरास नको. त्याचा हिशेब चोख मांडला, तर तोच आदर.