स्मार्ट चष्मे : बाजारपेठ व खासगीपणा यांतील विसंगती

स्मार्ट चष्म्यांच्या भवितव्याची चर्चा सामान्यतः किंमत, बॅटरी व वजन या अंगांनी केली जाते. तथापि ज्या गुणामुळे ते खपतात, तोच गुण इतरांच्या खासगीपणास बाधक ठरतो, ही बाब दुर्लक्षित राहते.

गूगल ग्लास २०१३ मध्ये १,५०० डॉलर किमतीस निवडक ग्राहकांना मिळू लागला. त्याचा वेगळेपणा लगेच नजरेत भरत असे. काही उपाहारगृहांनी त्यास मनाई केली आणि जानेवारी २०१५ मध्ये त्याची सर्वसामान्यांसाठीची विक्री थांबली. याउलट २०२३ मधील रे-बॅन मेटा नेहमीच्या चष्म्यासारखाच दिसतो. फेब्रुवारी २०२५ पर्यंत त्याचे २० लाख नग विकल्याचे उत्पादकाने जाहीर केले.

चित्रीकरणावेळी पेटणारा लहानसा दिवा हीच समोरच्याला मिळणारी सूचना होय. ती पुरेशी आहे काय, असा प्रश्न या चष्म्याच्या पूर्वावृत्तीबाबत आयर्लंड व इटलीच्या नियामकांनी २०२१ मध्येच उपस्थित केला होता. २०२४ मध्ये हार्वर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी या चष्म्यास चेहरा ओळखणाऱ्या शोधसेवेची जोड देऊन अनोळखी व्यक्तींची नावे व पत्ते शोधता येतात, हे दाखवून दिले.

भारतात हा चष्मा २०२५ मध्ये आला. २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने खासगीपणास मूलभूत हक्क मानले. परंतु २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा व्यक्तीने वैयक्तिक वा घरगुती हेतूने केलेल्या वापरास लागू होत नाही. परिणामी संमती चष्मा घालणाऱ्याची घेतली जाते. चित्रित होणाऱ्याची नव्हे. ही उणीव दूर होईपर्यंत केवळ विक्रीच्या आकड्यांवरून या तंत्रज्ञानाचे यश ठरविणे एकांगी होईल.