एक रात्र, सोळा वर्षे आणि एक कच्ची कादंबरी

आवडत्या लेखकाचे साहित्य आपण बहुधा उलट्या क्रमाने वाचतो. आधी त्याची गाजलेली पुस्तके हाती येतात, ती मनात घर करतात, आणि मग कधीतरी कुतूहलाने मागे मागे जात आपण त्याच्या पहिल्या पुस्तकापाशी पोचतो. तिथे दोन धोके असतात. एक म्हणजे निराश होऊन पुस्तक मिटून टाकणे. दुसरा म्हणजे लेखकावरील प्रेमापोटी त्यातल्या उणिवांनाच गुण म्हणू लागणे. या दोन्ही धोक्यांपासून दूर राहून एका पहिल्या कादंबरीकडे पुन्हा पाहावे, असा या लेखाचा हेतू आहे.

ही कादंबरी आहे अर्सुला ल ग्विन यांची ‘रोकॅनन्स वर्ल्ड’. अद्भुतकथा आणि विज्ञानकथा या दोन्ही प्रांतांत ज्यांचे नाव आदराने घेतले जाते, अशा या अमेरिकन लेखिकेचा जन्म १९२९ साली बर्कली येथे झाला आणि २०१८ साली त्यांचे निधन झाले. ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ (१९६८) आणि ‘द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस’ (१९६९) या पुस्तकांनी त्या जगभर माहीत झाल्या. त्याआधी, १९६६ साली, ‘रोकॅनन्स वर्ल्ड’ प्रसिद्ध झाली ती एका स्वस्त जोड-पुस्तकात. एका बाजूने एक कादंबरी आणि पुस्तक उलटे केले की दुसऱ्या लेखकाची दुसरी, अशी त्या मालिकेची रचना होती.

कादंबरीचा प्रारंभ एका स्वतंत्र कथेने होतो. ही कथा १९६४ साली एका मासिकात आधीच छापून आली होती. फोमलहॉट या ताऱ्याभोवती फिरणाऱ्या एका ग्रहावर सेम्ली नावाची तरुण सरदारपत्नी राहते. घराणे मोठे, पण घरात दारिद्र्य. पूर्वजांचा एक नीलमण्याचा हार हरवलेला आहे. तो मिळवून पतीला द्यावा म्हणून ती जमिनीखाली राहणाऱ्या कारागीर जमातीकडे जाते. ते सांगतात की हार दूर आहे, पण प्रवास एका लांबलचक रात्रीचाच आहे. सेम्ली त्यांच्या यानातून जाते, परग्रहावरच्या एका संग्रहालयात तिला हार मिळतो आणि ती आनंदाने परतते. घरी येऊन पाहते तो पती नऊ वर्षांपूर्वीच लढाईत मेलेला आणि तान्ही सोडून गेलेली मुलगी तिच्याच वयाची झालेली. तिची एक रात्र गेली होती, घरची सोळा वर्षे गेली होती.

आपल्याकडच्या वाचकाला इथे रेवतीची आठवण होईल. ब्रह्मलोकी थोडा वेळ थांबून ककुद्मी राजा मुलीसह परत आला, तो पृथ्वीवर युगे उलटून गेली होती, अशी ती पुराणकथा. मराठी विज्ञानकथेचा वाचक जयंत नारळीकर यांच्या ‘कृष्णविवर’ या कथेकडेही वळेल. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत टोपणनावाने पाठवलेल्या या कथेतही काळाचे मंदावणे हाच गाभा आहे. ल ग्विन यांनी आपला हार उचलला तो उत्तर युरोपातील फ्रेया देवीच्या कथेतून, आणि त्याला जोड दिली आइन्स्टाइनच्या सापेक्षतावादाची.

ही जोड किती पक्की आहे? वरच्या वर्गात हे गणित सहज करून पाहता येईल. प्रवासाचे एकेरी अंतर ८ प्रकाशवर्षे धरू आणि यानातला काळ १२ तास. आठ वर्षांत सुमारे ७० हजार तास होतात. म्हणजे यानातले घड्याळ सुमारे ५,८०० पट हळू चालायला हवे. सूत्रात ही संख्या घातली, तर यानाचा वेग प्रकाशाच्या वेगापेक्षा सेकंदाला केवळ साडेचार मीटरने कमी येतो. हा फरक आपल्या सायकलच्या वेगाएवढा आहे! एक किलो वस्तुमानाला हा वेग द्यायला लागणारी ऊर्जा काढली, तर आज सारे जग वर्षभरात वापरते त्या ऊर्जेचा बराच मोठा भाग त्यातच संपेल. शिवाय शरीराला सोसेल अशा, म्हणजे पृथ्वीच्या गुरुत्वाइतक्या त्वरणाने एवढा वेग गाठायला यानातल्याच घड्याळाने सुमारे नऊ वर्षे लागतील. तेव्हा ‘एक रात्र’ ही तंत्रदृष्ट्या अशक्य गोष्ट आहे. पण तत्त्व बरोबर आहे, आणि लेखिकेने या तत्त्वाचे जे केले ते महत्त्वाचे. काळ सर्वांसाठी सारखा चालत नाही, हे वाक्य पाठ्यपुस्तकात कोरडे वाटते. सेम्ली आपल्या मुलीसमोर उभी राहते तेव्हा त्याचा अर्थ कळतो.

दुर्दैवाने, पुढची कादंबरी या उंचीवर राहत नाही. सेम्लीला संग्रहालयात भेटलेला मानववंशशास्त्रज्ञ रोकॅनन पुढे तिच्या ग्रहावर अभ्यासासाठी येतो. बंडखोर शत्रू त्याचे यान आणि सहकारी नष्ट करतात. आता संदेश पाठवायचा तर शत्रूच्याच तळावरील यंत्र गाठायला हवे, म्हणून तो काही सोबत्यांसह दक्षिणेकडे निघतो. मधली कादंबरी म्हणजे या प्रवासातल्या प्रसंगांची माळ. संकट येते, सुटका होते, पुढचे संकट येते. प्रसंगांची अदलाबदल केली तरी फारसे बिघडणार नाही. सोबती मरतात, पण त्यातल्या काहींची आपल्याला नीट ओळखही झालेली नसते. सेम्लीनंतर एकही स्त्री तेवढ्या ठसठशीतपणे उभी राहत नाही.

विज्ञानाच्या बाजूनेही सैलपणा आहे. नायकाजवळ एक अदृश्य, अभेद्य पोशाख आहे. त्याला आगीत उभे केले तरी काही होत नाही. मग तो श्वास कसा घेतो? सुमारे दहा वर्षांनी लिहिलेल्या प्रस्तावनेत ल ग्विन यांनी स्वतःच या पोशाखाची थट्टा केली आहे आणि अद्भुत व विज्ञान यांची सरमिसळ इथे नीट जमलेली नाही असे मोकळेपणाने म्हटले आहे. माणसाला पाठीवर घेऊन उडणारी प्रचंड पंखवाली मांजरे कादंबरीत आहेत. प्राण्याची लांबी दुप्पट झाली की वजन आठपट होते आणि पंखांचे क्षेत्रफळ मात्र चौपटच वाढते, हा साधा नियम त्यांच्या आड येतो. फोमलहॉट हा तारा सुमारे २५ प्रकाशवर्षे दूर आहे. मराठीत त्याला मीनास्य म्हणतात आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या संध्याकाळी तो दक्षिणेच्या आकाशात ठळक दिसतो. त्याचे वय सुमारे ४४ कोटी वर्षे मानले जाते. पृथ्वीचे वय ४५० कोटींहून अधिक आहे. इतक्या तरुण ताऱ्याभोवती एक सोडून पाच बुद्धिमान जमाती उत्क्रांत व्हाव्यात हे पटण्यासारखे नाही. अर्थात ताऱ्याचे हे वय १९६६ साली लेखिकेला कुठून माहीत असणार? हा दोष तिच्या पदरात घालता येणार नाही. पोशाखाचा दोष मात्र तिचाच, कारण तो विज्ञानाच्या अभावाचा नसून विचाराच्या अभावाचा आहे. विज्ञानकथेची परीक्षा करताना हा भेद आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो.

याच कादंबरीत ‘ॲन्सिबल’ हा शब्द प्रथम आला. कितीही अंतरावर क्षणार्धात संदेश पोचवणारे हे यंत्र. आजच्या भौतिकीनुसार प्रकाशापेक्षा वेगाने संदेश पाठवता येत नाही, आणि पुंजभौतिकीतील ‘गुंतलेले’ कणही त्या कामी येत नाहीत. इथे ते यंत्र नुसते कथेची सोय म्हणून येते. पण आठ वर्षांनी, १९७४ च्या ‘द डिस्पझेस्ड’ मध्ये, ज्याच्या सिद्धान्तातून हे यंत्र जन्मते त्या भौतिकशास्त्रज्ञाचीच कथा त्यांनी लिहिली. पहिल्या पुस्तकात हाताला लागलेली वस्तू पुढे प्रश्न होऊन आली.

तरीही ही कादंबरी पुन्हा वाचावी, असे आम्ही का म्हणतो? कारण तिच्यात एक प्रश्न पहिल्या पानापासून आहे. दुसऱ्या माणसाला आपण ‘ओळखतो’ म्हणजे नेमके काय करतो? या ग्रहावरच्या जमातींची माहिती पुस्तकात एका खिशात मावणाऱ्या संक्षिप्त मार्गदर्शिकेच्या नोंदींतून येते. जमात अमुक, उंची तमुक, संस्कृतीची पातळी अमकी. त्या नोंदीतच बसणारी सेम्ली जेव्हा संग्रहालयात प्रत्यक्ष येऊन उभी राहते, तेव्हा रोकॅनन थक्क होतो. नोंदीत हे काहीच नव्हते! आकाशगंगेतील राष्ट्रसंघाने मात्र अशाच अपुऱ्या नोंदींवर विसंबून त्या ग्रहावर कर बसवले होते आणि एकाच जमातीला निवडून यंत्रविद्या दिली होती. सेम्लीला भेटल्यावर रोकॅननचा आग्रह हा की आधी हे थांबवा, नीट जाणून घ्या.

या प्रश्नाचे मूळ लेखिकेच्या घरात दिसते. वडील आल्फ्रेड क्रोबर हे नामवंत मानववंशशास्त्रज्ञ. याही जमातीचा शेवटचा माणूस म्हणून ओळखला गेलेला इशी १९११ साली कॅलिफोर्नियात आढळला आणि १९१६ साली क्षयाने मरण पावेपर्यंत सॅन फ्रान्सिस्कोतील एका संग्रहालयात राहिला. त्याचा अभ्यास करणाऱ्यांत क्रोबर होते. आई थिओडोरा यांनी त्याचे चरित्र १९६१ साली प्रसिद्ध केले. त्यानंतर तीनच वर्षांनी संग्रहालयात येऊन उभी राहणारी सेम्ली लिहिली गेली. दोन घटनांमध्ये कार्यकारणाची रेघ ओढण्याचे धाडस आम्ही करत नाही, पण हे शेजारपण नजरेआड करण्यासारखे नाही.

शेवटाकडे हाच प्रश्न अधिक गडद होतो. रोकॅननला दुसऱ्यांची मने ऐकण्याची शक्ती मिळते. डोळा देऊन ज्ञान मिळवणाऱ्या ओडिन देवाप्रमाणे त्यालाही किंमत मोजावी लागते. त्याचा जिवलग मित्र मोगिएन शत्रूच्या हेलिकॉप्टरवर झेप घेऊन मरतो. पुढे रोकॅनन संदेश पाठवतो आणि शत्रूचा तळ नष्ट होतो, तेव्हा त्या साऱ्यांचे मरण त्याला स्वतःच्या मनात ऐकू येते. सामान्य साहसकथेत इथे विजयाचा जल्लोष झाला असता. इथे नायक आतून मोडतो. ज्याला शत्रूही ऐकू येतो, त्याला जिंकणे सोपे राहत नाही. मधल्या साऱ्या ढिल्या प्रसंगांनंतर हे एक पान आले म्हणून आम्ही कादंबरीला माफ करतो असे नव्हे. पण हे पान लिहिणारी लेखिका तीनच वर्षांनी ‘द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस’ लिहील, याचे मग नवल वाटत नाही. परक्या ग्रहावर एकटा दूत, बर्फातून खडतर प्रवास, मित्राचे मरण, हे सारे तिथे पुन्हा आहे. फरक एवढाच, की तिथे एकही प्रसंग जागचा हलवता येत नाही.

शिक्षकांनी या कादंबरीकडे वळावे ते यासाठी. विद्यार्थ्यांपुढे आपण बहुधा पूर्ण झालेल्या वस्तूच ठेवतो. न्यूटनचे नियम, सिद्ध झालेले प्रमेय, नावाजलेली कविता. त्यामुळे चांगले काम पहिल्याच फटक्यात चांगले होते, असा समज मुलांच्या मनात रुजतो आणि स्वतःची पहिली चुकतमाकत लिहिलेली वही ती लपवू लागतात. एखाद्या मोठ्या लेखकाचे कच्चे पुस्तक आणि त्याचेच पक्के पुस्तक शेजारी ठेवून वाचले, तर कोणत्या गोष्टी गळाल्या, कोणत्या टिकल्या, कोणत्या वाढल्या, हे मुलांना स्वतःच शोधता येईल. सेम्लीची कथा सांगून वेगाचे गणित करायला द्यावे. उडत्या मांजराचे वजन काढायला लावावे. आणि मग विचारावे, की हे सारे अशक्य असूनही कथेतले खरे काय आहे?

जाता जाता एक गोष्ट. वर्गातल्या प्रत्येक मुलाबद्दल आपल्याजवळही एक संक्षिप्त नोंद असते. नाव, हजेरी, गुण, शेरा. नोंद आवश्यकच आहे. पण तिच्यावरून मुलाचे भवितव्य ठरवण्याआधी रोकॅननप्रमाणे थांबून त्या मुलाकडे एकदा नीट पाहावे, एवढे या कच्च्या कादंबरीकडून शिकण्यासारखे आहे.