‘वर्ड पॉवर मेड ईझी’ आणि मराठी माध्यमाचा विद्यार्थी : प्रगत इंग्रजी शब्दसंपदेच्या अध्ययनाची चिकित्सा

प्रस्तावना

नागपूर-वर्धा लोहमार्गावरील बुटीबोरी हे गाव महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या विस्तीर्ण औद्योगिक क्षेत्रामुळे ओळखले जाते. अशा परिसरात इंग्रजी भाषा ग्रंथांपेक्षा कारखान्याच्या दारातून अधिक येते. ‘शिफ्ट’, ‘ओव्हरटाइम’, ‘मेंटेनन्स’, ‘डिस्पॅच’ हे शब्द अल्पशिक्षित कामगाराच्याही तोंडी सहज असतात. ‘कंपनी’ म्हणजे कारखाना, हा अर्थ तर मराठीने स्वतःच घडविला आहे. महाराष्ट्रात इ. स. २००० पासून इयत्ता पहिलीपासून इंग्रजी हा विषय सुरू झाला. असे असूनही मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी महाविद्यालयात इंग्रजी संदर्भग्रंथ, अग्रलेख किंवा स्पर्धापरीक्षेतील उतारा वाचू लागला की अडखळतो. या अडचणीवर उपाय म्हणून त्याच्या हाती बहुधा दोनच साधने येतात. एक म्हणजे शब्द आणि त्यासमोर एकेक अर्थ अशी यादी. दुसरे म्हणजे नॉर्मन लुईस यांचा ‘वर्ड पॉवर मेड ईझी’ हा ग्रंथ. प्रस्तुत लेखात या ग्रंथाच्या अध्ययनपद्धतीची, मराठी विद्यार्थ्याला केंद्रस्थानी ठेवून, चिकित्सा केली आहे.

ग्रंथाचे स्वरूप व सामर्थ्य

हा ग्रंथ १९४९ मध्ये अमेरिकेत प्रथम प्रकाशित झाला. त्यात शब्द वर्णानुक्रमाने न येता कल्पनांच्या आधारे येतात. माणसांचे स्वभाव, वैद्यकातील तज्ज्ञ, विविध शास्त्रे असा एकेक विषय घेऊन त्याभोवती शब्दांचा परिवार उभा केला जातो. प्रत्येक शब्दाचे ग्रीक वा लॅटिन मूळ सांगून त्या मुळापासून निघालेले अन्य शब्द दाखविले जातात. उच्चार, जोड्या लावणे, आठवून लिहिणे अशा स्वाध्यायांतून तोच शब्द पुन्हा पुन्हा भेटतो.

ही पद्धत निव्वळ पाठांतरापेक्षा निश्चितच श्रेष्ठ आहे. क्रेक आणि लॉकहार्ट यांनी १९७२ मध्ये स्मृतीविषयी मांडलेल्या विचारानुसार, माहितीवर जितकी सखोल बौद्धिक प्रक्रिया होते तितकी ती अधिक टिकते. यादीतला शब्द परीक्षेनंतर विसरला जातो, तर मुळाशी जोडलेला शब्द आपल्या भावंडांसह लक्षात राहतो. लुईस यांचे हे श्रेय मान्य करूनच पुढील मर्यादांचा विचार केला पाहिजे.

मराठीची न वापरलेली पुंजी

लुईस यांचा अपेक्षित वाचक इंग्रजी मातृभाषा असलेला प्रौढ अमेरिकन आहे. त्याच्यासाठी ग्रीक आणि लॅटिन ही मुळे परकीच असतात; ती त्याला नव्याने पाठ करावी लागतात. मराठी विद्यार्थ्याची स्थिती वेगळी आहे. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एकाच भाषाकुलातील असल्याने यांपैकी अनेक मुळे तत्सम शब्दांच्या रूपाने त्याच्याजवळ आधीच असतात.

‘डेंटिस्ट’मधील लॅटिन आणि ‘ऑर्थोडोंटिस्ट’मधील ग्रीक मूळ हे दोन्ही ‘दंत’ या शब्दाचे सगोत्र आहेत. ‘पेडेस्ट्रियन’मध्ये ‘पद’ आहे, ‘इम्मॉर्टल’मध्ये ‘अमर’मधला ‘मृ’ धातू आहे. ‘अॅनॉनिमस’ची फोड केली तर ‘अनाम’ हाच शब्द हाती येतो. थॉमस हक्सले यांनी १८६९ मध्ये घडविलेला ‘अॅग्नॉस्टिक’ हा शब्द आणि मराठीतील ‘अज्ञेय’ यांत नकारदर्शक ‘अ’ आणि ‘ज्ञा’ धातू असे दोन्ही घटक समान आहेत. ‘डिस्पेप्सिया’ हा शब्द अवघड वाटतो. परंतु त्यातील उपसर्ग म्हणजे आपला ‘दुस्’ आणि पुढील भाग म्हणजे ‘पचन’मधला ‘पच्’ होय. व्याकरणाचा नियमही जुळतो. ग्रीकमध्ये नकारदर्शक उपसर्ग व्यंजनापूर्वी ‘अ’ आणि स्वरापूर्वी ‘अन्’ असा येतो. ‘अज्ञान’ आणि ‘अनंत’ या शब्दांत मराठी विद्यार्थी नेमके हेच शालेय वयापासून पाहत आला आहे.

बुटीबोरीच्या संदर्भात ‘मेंटेनन्स’ या शब्दाचे उदाहरण बोलके ठरेल. ‘हाताने धरून ठेवणे’ हा त्याचा मूळ लॅटिन अर्थ. त्यातील धारणवाचक मूळ हे ताणणे या अर्थाच्या ‘तन्’ धातूचे सगोत्र आहे. ज्याला मराठी बोलण्यात ‘टेन्शन’ म्हणतात तो शब्द आणि ‘ताण’ हे अशा प्रकारे एकाच कुळातले ठरतात. येथून ‘रिटेन’, ‘टेनेबल’, ‘टेनेशियस’ या शब्दांकडे जाता येते. ‘टेन्युअस’ म्हणजे विरळ, क्षीण. त्याचा सगोत्र शब्द मराठीत ‘कृश, नाजूक’ या अर्थी परिचित असलेला ‘तनु’ होय. कारखान्यातल्या रोजच्या शब्दापासून ग्रांथिक इंग्रजीपर्यंतची ही वाट लुईस यांच्या ग्रंथात नाही, आणि ती तेथे असण्याची अपेक्षाही करता येत नाही. ती वर्गात अध्यापकानेच दाखवावयाची आहे.

व्युत्पत्तीच्या मर्यादा

तथापि व्युत्पत्ती म्हणजे अर्थ नव्हे. लुईस यांच्या पद्धतीचा अतिरेक केल्यास येथे फसगत होते. ‘पेडिआट्रिशियन’मध्ये पाऊल नसून मूल या अर्थाचा ग्रीक शब्द आहे. लॅटिन ‘डेउस’ आणि ‘देव’ हे सगोत्र आहेत. पण ‘एथीइस्ट’मधील ग्रीक ‘थिऑस’ हा, अर्थ तोच असूनही, त्यांच्या कुळातला नाही. इंग्रजी ‘डे’ आणि ‘दिवस’ यांचे साम्यही केवळ योगायोगाचे आहे.

मूळ अचूक ओळखले तरी अर्थाचा प्रवास उरतोच. ‘इग्रीजियस’ याचा मूळ अर्थ ‘कळपातून वेगळा’, म्हणजे उत्कृष्ट. आज तो शब्द ढळढळीत चुकीसाठी वापरला जातो. ‘नाइस’ या शब्दाचे लॅटिन मूळ तर ‘अज्ञानी’ असे आहे. मूळ हे स्मरणाचे साधन आहे. अर्थाचा अंतिम पुरावा म्हणजे वाक्यातील वापर.

एका शब्दाला एक अर्थ : मूळ दोष

यादीपद्धतीचा सर्वांत मोठा दोष हा की ती एका इंग्रजी शब्दासमोर एकच मराठी शब्द ठेवते. ‘इंटिग्रिटी’ म्हणजे ‘सचोटी’ असे विद्यार्थी पाठ करतो. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत २०१३ पासून नीतिशास्त्राच्या प्रश्नपत्रिकेच्या नावातच हा शब्द असल्याने तो अर्थ त्याला उपयोगीही पडतो. परंतु १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने संविधानाच्या उद्देशिकेत हाच शब्द आला, आणि तेथे मराठीत ‘एकात्मता’ हा प्रतिशब्द आहे. बॉयलरच्या वा पुलाच्या संदर्भात तोच शब्द बांधणीचा अभंगपणा सांगतो. ‘अखंड, अस्पर्शित’ हे मूळ कळले तर हे तीनही अर्थ एका सूत्रात येतात. केवळ ‘सचोटी’ पाठ असेल तर उद्देशिकेतील वाक्यही दुर्बोध होते.

वास्तविक इंग्रजी-मराठी कोशपरंपरेने हा धडा पूर्वीच दिला आहे. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये आणि त्याची दुसरी आवृत्ती १८५७ मध्ये निघाली; मोल्सवर्थ यांनी आरंभिलेला इंग्रजी-मराठी कोश थॉमस कॅन्डी यांनी पूर्ण करून १८४७ मध्ये प्रसिद्ध केला. या कोशांत एका शब्दापुढे अर्थांच्या अनेक छटा नोंदविलेल्या आढळतात. परीक्षेसाठी तयार होणाऱ्या याद्यांनी नेमक्या त्या छटाच गाळून टाकल्या.

कोणते शब्द आधी?

‘प्रगत’ म्हणजे दुर्मीळ, हा समजही तपासला पाहिजे. पूर्वी ढाक्यात अध्यापन केलेल्या मायकेल वेस्ट यांनी १९५३ मध्ये सुमारे दोन हजार सर्वोपयोगी शब्दांची सूची प्रसिद्ध केली. अॅव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० मध्ये ५७० शब्दकुलांची शैक्षणिक शब्दसूची मांडली. शैक्षणिक मजकुराचा सुमारे दहा टक्के भाग तिने व्यापला जातो. पॉल नेशन यांच्या २००६ मधील अभ्यासानुसार कादंबरी वा वृत्तपत्र कोणाच्याही साहाय्याविना वाचण्यासाठी आठ ते नऊ हजार शब्दकुलांचे ज्ञान लागते. या संख्या पाहता एका ग्रंथाच्या वा यादीच्या बळावर मजल मारता येणार नाही, विस्तृत वाचनाला पर्याय नाही, हे स्पष्ट होते.

लुईस यांच्या ग्रंथात विवाहाचा तिटकारा असणाऱ्यासाठी ‘मिसॉगमिस्ट’ हा शब्द आहे. तो मनोरंजक आहे. परंतु ‘अज्यूम’, ‘डिराइव्ह’, ‘कॉन्स्टिट्यूट’, ‘इंटरप्रीट’ या शब्दांवर प्रभुत्व नसलेल्या विद्यार्थ्याला त्याचा उपयोग अल्प आहे. अर्थशास्त्र असो वा रसायनशास्त्र, संदर्भग्रंथाचे प्रत्येक पान या दुसऱ्या प्रकारच्या शब्दांवर उभे असते. हा मधला थर ओलांडून थेट दुर्मीळ शब्दांकडे धावल्याने शब्द वाढतात, आकलन वाढत नाही.

निष्कर्ष

‘वर्ड पॉवर मेड ईझी’ हा ग्रंथ त्याज्य नाही. मात्र मराठी विद्यार्थ्यासाठी तो स्वयंपूर्णही नाही. त्याच्या जोडीला तीन गोष्टी आवश्यक ठरतात. पहिली, तत्सम शब्दांशी असलेल्या सगोत्र नात्याचा सावध उपयोग. दुसरी, प्रत्येक शब्द किमान दोन भिन्न संदर्भांत वाचण्याचा आग्रह. तिसरी, विषयाच्या क्रमिक पुस्तकांतील शैक्षणिक शब्दांना अग्रक्रम. हे काम इंग्रजी विभागाचे एकट्याचे नाही. वाणिज्य, विज्ञान व मराठी या विभागांच्या अध्यापकांचाही त्यात सहभाग हवा. मराठीच्या अध्यापकाने ‘अज्ञेय’ शिकविताना ‘अॅग्नॉस्टिक’चा उल्लेख केला तर दोन्ही भाषांचे अध्यापन समृद्ध होईल. प्रश्नपत्रिकेतही समानार्थी शब्दाऐवजी वाक्यातील अर्थ विचारला गेला, तर विद्यार्थ्याच्या अभ्यासाची दिशा आपोआप बदलेल.

मराठी माध्यम ही इंग्रजीच्या मार्गातील अडचण आहे, असे विद्यार्थ्याच्या मनावर वारंवार बिंबविले जाते. कामगाराच्या घरातून प्रथमच महाविद्यालयात आलेल्या विद्यार्थ्याचा आत्मविश्वास त्याने खचतो. वरील विवेचन याच्या उलट दिशेला निर्देश करते. प्रगत इंग्रजी शब्दसंपदेकडे जाणारी एक जवळची वाट त्याच्या मातृभाषेतूनच जाते. ती दाखविण्याची जबाबदारी महाविद्यालयीन अध्यापकांवर आहे.