ओळख मनोऱ्यात की अंगणात?

जुने चर्च अपुरे पडू लागले की धर्मग्रामात नव्या बांधकामाचा विषय निघतो, आणि पहिला आग्रह असतो तो 'चर्चसारखे दिसले पाहिजे' हा. दोन उंच मनोरे, टोकदार कमानी, रंगीत काचा एवढे जमले की आपली ओळख राखली, असा समज आहे. सभोवती इमारतींचे मजले चढत असताना ही धास्ती समजण्याजोगी आहे. तथापि टोकदार कमानींची ही चर्चशैली मूळची बाराव्या शतकातील उत्तर फ्रान्सची. तिच्यात आपले असे काय आहे? या प्रश्नाच्या संदर्भात वास्तुशिल्पी चार्ल्स कोरिया (१९३०–२०१५) यांच्या दोन कामांचा विचार करावासा वाटतो.

दादरचे अवर लेडी ऑफ साल्व्हेशन, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेले पोर्तुगीज चर्च, मूळचे पोर्तुगीज अमदानीतले. १९७०च्या दशकात कोरियांनी तेथे सर्वस्वी नवी वास्तू उभारली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेविषयीच्या दस्तऐवजात भाविकांच्या सक्रिय सहभागावर भर दिला होता. ख्रिस्तसभेने कोणतीही एक कलाशैली आपली म्हणून स्वीकारलेली नाही, असेही तेथे स्पष्ट केले होते. दादरची वास्तू या विचाराशी सुसंगत आहे. एकच लांबट सभामंडप न बांधता आच्छादित दालने आणि उघडी प्रांगणे तेथे एकमेकांत गुंफली आहेत. दालनांवरील काँक्रीटची छते शंकूसारखी निमुळती होत जातात आणि तापलेली हवा वरून निघून जाते. येथील उकाड्याचा आणि उघड्यावर जमण्याच्या आपल्या सवयीचा विचार त्यामागे आहे.

उणीवही सांगितली पाहिजे. रस्त्यावरून जाणाऱ्या नवख्याला ही वास्तू चर्च म्हणून चटकन ओळखू येत नाही. साध्या भाविकाच्या श्रद्धेला दर्शनी रूपाचाही आधार लागतो, हे कोरियांनी पुरेसे जाणले नाही, असे मला वाटते.

दुसरे काम नवी मुंबईतले. या शहराची कल्पना मांडणाऱ्यांत कोरिया होते. १९७० साली सिडकोची स्थापना झाली. पुढे १९८०च्या दशकात त्यांनी बेलापूरला आर्टिस्ट्स व्हिलेज ही वसाहत रचली. एका लहान अंगणाभोवती सात घरे, आणि अशा तीन गटांनी वेढलेली मोठी मोकळी जागा. दोन घरांत सामाईक भिंत ठेवली नाही, म्हणजे शेजाऱ्याला अडचण न करता प्रत्येकाला घर वाढवता यावे. रहिवाशांनी ते वाढवलेही. अनेकांनी उतरत्या छपरांची मूळ घरे पाडून मजले चढवले. कलारसिक हळहळतात, आणि त्यात तथ्य आहे. परंतु घरांचे रूप पालटले तरी अंगणांची मांडणी अद्याप ओळखू येते. दर्शनी रूपापेक्षा ती अधिक चिवट ठरली.

वसईकरांना हे नवे वाटू नये. आपल्या जुन्या घरांना ओटी होती, पुढे अंगण होते, मागे वाडी होती. लग्नाचा मांडव आणि संध्याकाळची रोझरी यांना तेथे जागा होती. वसई-विरार महानगरपालिका २००९ साली अस्तित्वात आली, पण त्यापूर्वीच इमारतींची रीघ लागली होती. जमिनीचा भाव चढला की सर्वांत आधी अंगण जाते, कारण ते रिकामे दिसते. चर्चच्या आवारातही वेगळे काय घडते? मैदान आक्रसते, सभागृह वाढते, उरलेल्या जागेत मोटारी उभ्या राहतात; आणि वर कमानी मात्र टोकदार असतात.

मनोरा नको, असे माझे म्हणणे नाही. ओळखीचा सारा भार त्याच्यावर टाकू नये, एवढेच. चर्चचा नवा नकाशा धर्मग्रामापुढे येईल तेव्हा मनोऱ्याची उंची विचारण्याआधी, मिस्सा संपल्यावर लोक एकमेकांशी बोलायला कोठे उभे राहतील, हे आपण विचारले पाहिजे.