पंक्तीतला माणूस

तंजावरच्या सरफोजीराजांनी १८०१ साली कंपनीच्या रेसिडेंटला छत्रांविषयी लिहिलेले पत्र मी तंजावरातच वाचले. या धर्मशाळांत कोणत्याही जातीच्या वाटसरूला भात मिळे, आजाऱ्याला वैद्य. पोरक्या मुलांची काळजी शाळेच्या पंतोजीवर असे. छत्रे आमच्याकडेच राहू द्या, ही राजांची विनवणी. पत्र कळकळीचे आहे, पण त्यात जेवणाऱ्याचे एकही वाक्य नाही. बोलतो तो दाताच.

१९९१ साली लंडनमध्ये 'द बिग इश्यू' निघाले. बेघर विक्रेता अंक स्वतः विकत घेतो, जास्त किमतीला विकतो आणि वरचे पैसे त्याची कमाई. मजकूर मात्र बहुतेक पत्रकारांचाच. दिल्लीच्या 'बालकनामा'त रस्त्यावरची मुलेच बातम्या आणतात. लिहिता न येणारी तोंडी सांगतात. भाषा ओबडधोबड वाटली तरी अनुभव सांगणाऱ्याचा स्वतःचा असतो, म्हणून मला हे वर्तमानपत्र अधिक मोलाचे वाटते.

सरफोजींचे पत्र मी आजही आदराने वाचतो. मात्र पंक्तीतल्या एखाद्याला कोणी बोलते केले असते, तर तो कुठून आला आणि घर का सुटले, हे आपल्याला कळले असते.