वृक्षनामें आणि मत्स्यनामें

पुण्यास १९३२ ते १९३८ या काळांत प्रसिद्ध झालेल्या दाते-कर्वे प्रभृतींच्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'चें ऋण मोठें आहे. तथापि त्यांत झाड आणि मासा यांस सारखा न्याय मिळालेला नाहीं. उंबराचें मूळ उदुंबरांत, सांवरीचें शाल्मलींत सहज सांपडतें. काजू तर ब्राझीलमधील तुपी भाषेंतून पोर्तुगीजांच्या मार्गें आला. कांसवासही कच्छपाचा आधार आहे. पण बोंबील, सरंगा, रावस यांस अशी वंशावळ सहजासहजीं मिळत नाहीं. पुष्कळ मत्स्यनामांपुढें, ही माशाची एक जात, एवढेंच सांगून कोशकार थांबतात. यास अर्थ म्हणणें कठीण! व्युत्पत्ति न सांपडली तरी बोंबील डोल जाळ्यांत धरतात व वलांडीवर सुकवितात, हें कोणताही कोळी सांगेल. तेवढें तरी नोंदविल्यावांचून कोश किनाऱ्याचा होणार नाहीं. तो देशावरचाच राहील.