वेढ्यातले वृत्तपत्र आणि अभिधेचे सामर्थ्य

मराठी समीक्षेत 'वृत्तपत्रीय' हे विशेषण बहुधा दूषण म्हणूनच योजले जाते. एखादी कादंबरी घटनांच्या तपशिलात अडकून पडली, तिची भाषा एकपदरी राहिली, सांगण्यापलीकडे तिने काही सुचविले नाही, की तिला वृत्तपत्रीय ठरवून आपण मोकळे होतो. प्रस्तुत लेखकानेही अध्यापनाच्या आणि समीक्षालेखनाच्या काळात हे विशेषण अनेकदा वापरले आहे, आणि प्रत्येक वेळी ते जबाबदारीने वापरले असे आज म्हणवत नाही. वस्तुतः मराठी गद्याने तरी असा तुच्छताभाव बाळगू नये. बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' 1832 साली निघाले, लोकहितवादींची शतपत्रे 1848पासून 'प्रभाकर'मध्ये प्रसिद्ध झाली, 'केसरी' 1881 साली सुरू झाला. आपले आधुनिक गद्य वृत्तपत्राच्या मांडीवरच वाढले. तरीही ललित आणि वृत्तपत्रीय यांच्यामध्ये आपण एक भिंत उभी केली, आणि त्या भिंतीपलीकडच्या गद्याला स्वतःचे काही सौंदर्यशास्त्र असू शकेल, हा विचार फारसा केला नाही.

सारायेव्हो शहराच्या वेढ्याविषयीची तीन पुस्तके ओळीने वाचताना हा प्रश्न मला नव्याने पडला. पहिले झ्लात्को दिझ्दारेविच यांचे युद्धकालीन टिपणांचे पुस्तक. त्याचा इंग्रजी अनुवाद 1993मध्ये प्रसिद्ध झाला. दुसरे अमेरिकन पत्रकार टॉम जेल्टन यांचे 'सारायेव्हो डेली' (1995). तिसरे संपादक केमाल कुर्स्पाहिच यांचे 'अ‍ॅज लाँग अ‍ॅज सारायेव्हो एग्झिस्ट्स' (1997). तिन्ही पुस्तकांच्या केंद्रस्थानी एकच दैनिक आहे : 'ओस्लोबोजेन्ये'. या शब्दाचा अर्थ 'मुक्ती'. दुसऱ्या महायुद्धात, 1943च्या ऑगस्टमध्ये, नाझीविरोधी लढ्याचे मुखपत्र म्हणून ते जन्माला आले. पुढे युगोस्लाव्हियाच्या एकपक्षीय राजवटीत ते रुळलेले, बरेचसे आज्ञाधारक पत्र झाले. त्याच्या उत्तरायुष्यातील परीक्षा ही या तीन पुस्तकांची कथावस्तू आहे.

ती परीक्षा थोडक्यात सांगितली पाहिजे. सारायेव्होचा वेढा 1992च्या एप्रिलमध्ये सुरू झाला आणि 1996च्या फेब्रुवारीत अधिकृतरीत्या उठला. वृत्तपत्राची बहुमजली इमारत विमानतळाच्या बाजूला, थेट आघाडीच्या रेषेलगत होती. 1992च्या जूनमध्ये तोफगोळ्यांनी ती जाळली, उद्ध्वस्त केली. त्यानंतर संपादकवर्ग आणि छापखान्यातले कामगार तिच्या तळघरातील बाँबनिवाऱ्यात काम करू लागले. ये-जा करणे म्हणजे नेमबाजांच्या टप्प्यातून जाणे असल्याने पाळी आठवड्याची ठरली. एकदा आत गेलेला माणूस सात दिवसांनी बाहेर येई. वीज नव्हती, जनित्राला इंधन मिळणे दुरापास्त होते, कागद संपत आलेला होता. पाने घटली, प्रती काही हजारांवर आल्या, आणि विक्रेते उरले नाहीत तेव्हा पत्रकारांनीच अंक रस्त्यावर विकले. झ्वोर्निक या गावाचे वार्ताहर क्याशिफ स्मायलोविच हे गाव निमलष्करी टोळ्यांच्या हाती गेले तेव्हा, 1992च्या एप्रिलमध्येच, आपल्या कार्यालयात मारले गेले. जुलैमध्ये छायाचित्रकार साल्को होंडो तोफगोळ्याला बळी पडले. तरीही अंक निघत राहिला.

एवढ्यावर थांबलो तर ही शौर्यकथा होईल, आणि शौर्यकथेला समीक्षेची गरज नसते. माझे कुतूहल वेगळे आहे. अशा स्थितीत जे गद्य लिहिले गेले, ते कोणत्या जातीचे होते? आणि ज्याला आपण वृत्तपत्राचे स्वातंत्र्य म्हणतो, ते त्या गद्यात नेमके कोठे वास करीत होते?

आपल्या काव्यशास्त्राने शब्दाच्या तीन शक्ती मानल्या : अभिधा, लक्षणा आणि व्यंजना. यांपैकी अभिधा सर्वांत खालची पायरी, असा संस्कार आनंदवर्धनापासून आपल्यावर झालेला आहे. शब्दाने आपला सरळ, ठरलेला अर्थ सांगावा यात काव्य ते कसले? शांततेच्या काळात हा क्रम पटतो. युद्धकाळात मात्र सर्वांत आधी जी शक्ती संकटात येते ती अभिधाच. गाव जाळण्याला 'शुद्धीकरण' म्हटले जाते, वेढ्याला 'संरक्षण', पळवून लावलेल्या माणसांना 'स्थलांतरित'. शब्द आणि वस्तू यांच्यातील करार मोडला की व्यंजनेला उभे राहायला जमीनच उरत नाही. अशा वेळी वस्तूला तिच्या नावाने हाक मारणे हेच भाषेचे सर्वांत अवघड काम होऊन बसते.

दिझ्दारेविच यांच्या पुस्तकातील एक टिपण या दृष्टीने फार बोलके आहे. घराबाहेर खेळणाऱ्या तीन वर्षांच्या मुलीला नेमबाजाची गोळी लागते. तिचा हादरलेला बाप रुग्णालयात म्हणतो की, त्या अनोळखी नेमबाजाला आपण कॉफीला बोलावू इच्छितो, म्हणजे माणसाने माणसाला सांगावे तसे तो सांगेल, हे त्याने का केले. लेखक या उद्गाराने विरघळत नाही, तो संतापतो. खुन्याला खुनी आणि जल्लादाला जल्लाद म्हणण्याचे धैर्य ज्यांच्यात उरले नाही, त्यांना न्याय कसा मिळणार, असा त्याचा रोखठोक सवाल आहे. अभिधेच्या बाजूने केलेला इतका तीव्र युक्तिवाद मी काव्यशास्त्राच्या कोणत्याही ग्रंथात वाचलेला नाही.

पण या टिपणाचे खरे मोल त्या युक्तिवादापेक्षाही एका दुसऱ्या गोष्टीत आहे. लेखकाला बापाचे म्हणणे मान्य नाही, आणि तरीही ते त्याने जसेच्या तसे वाचकापुढे ठेवले आहे. ते गाळले असते, किंवा बापाच्या तोंडी सूडाची भाषा घातली असती, तर टिपण अधिक एकसंध झाले असते आणि प्रचाराला अधिक उपयोगी पडले असते. आपल्या मताला अडचणीची ठरणारी वस्तुस्थिती लेखकाने शाबूत ठेवली. वृत्तपत्राचे स्वातंत्र्य मला इथे दिसते. तटस्थता हा त्यासाठी योग्य शब्द नव्हे. ज्याच्या डोक्यावर गोळे पडत आहेत त्याच्याकडून तटस्थतेची अपेक्षा करणे हा क्रूर विनोद होईल. स्वतःची बाजू असूनही घडलेल्या गोष्टीला स्वतःपेक्षा मोठे मानणे, एवढाच या स्वातंत्र्याचा अर्थ.

याच दृष्टीने त्या दैनिकातील मृत्युवार्तांची पाने पाहावीत. शहरातील दूरध्वनी बहुतांशी बंद पडलेले, एका वस्तीतून दुसरीत जाणे जिवावरचे. अशा वेळी कोण गेले हे कळण्याचे साधन म्हणजे ती पाने. युद्धाला माणसे लागतात ती समूहाच्या किंवा आकड्याच्या रूपात. मृत्युवार्ता मात्र विशेषनामाने सुरू होते : नाव, वय, मागे राहिलेली माणसे. मुस्लिम, सर्ब, क्रोएट अशी नावे एकाच पानावर शेजारीशेजारी येत. संपादकवर्गही असाच मिश्र होता. उपसंपादिका गोर्डाना क्नेझेविच या जन्माने सर्ब होत्या आणि वेढा घातलेल्या सर्ब राष्ट्रवाद्यांच्या तोफांखाली त्या पत्र काढीत होत्या. युद्धापूर्वी हे पत्र लॅटिन आणि सिरिलिक या दोन्ही लिप्या वापरी. लिपी ही केवळ लेखनाची सोय नसते, ती वाचकाच्या निष्ठेची खूण म्हणून वापरली जाते, हे हिंदी-उर्दूचा किंवा गोव्यातील कोकणीचा इतिहास ठाऊक असलेल्या भारतीय वाचकाला वेगळे सांगायला नको.

येथे एक आक्षेप संभवतो. सरळ सांगण्याचे सामर्थ्य इतके मोठे असेल, तर वृत्तपत्राच्या इतिहासातील वक्रोक्तीचे काय? शिवराम महादेव परांजपे यांचे 'काळ' पत्र 1898मध्ये निघाले. त्यांची उपरोधिक, वळसे घेणारी शैली ही मराठी गद्याची एक संपत्तीच आहे. ती शैली राजद्रोहाच्या कायद्याच्या सावलीत घडली, आणि 1908मध्ये त्या कायद्याने अखेर परांजप्यांना गाठलेच. अगदी अलीकडचे उदाहरण रशियाचे आहे. 2022च्या मार्चमध्ये तेथे सैन्याविषयीच्या 'खोट्या' माहितीसाठी 15 वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद झाली. युक्रेनवरील आक्रमणाला 'युद्ध' म्हणणेही धोक्याचे ठरले. 'नोवाया गझेटा' या पत्राने त्या महिन्यातील एका अंकाच्या मुखपृष्ठावर अणुस्फोटाच्या लोळापुढे 'स्वान लेक' नृत्यनाट्यातील नर्तिकांच्या छायाकृती छापल्या आणि हा अंक फौजदारी कायद्याचे सर्व नियम पाळून काढल्याचे नमूद केले. 1991च्या फसलेल्या बंडाच्या वेळी सोव्हिएत दूरचित्रवाणीवर बातम्यांऐवजी हेच नृत्यनाट्य दाखवीत होते, हे प्रत्येक रशियन वाचक जाणत होता. परांजप्यांना हे मुखपृष्ठ आवडले असते. मात्र महिना संपण्यापूर्वीच त्या पत्राला प्रकाशन थांबवावे लागले.

म्हणजे धोक्याचे दोन प्रकार आहेत आणि त्यांतून दोन शैली जन्मतात. धोका कायद्याचा असेल तर गद्य वाकते, आडवळणाने जाते, वाचकाशी डोळ्यांनी बोलते. धोका तोफेचा असेल तर सारे वळसे गळून पडतात. पण वक्रोक्तीही शेवटी अभिधेच्याच भांडवलावर चालते : वाचकाला मूळ नाव ठाऊक असते म्हणून त्याला आडनाव उमगते. सरळ बातमी कोणीच देत नसेल, तर काही वर्षांनी उपरोध कळणारा वाचकही उरणार नाही.

याचा अनुभव आपल्याही भूमीला आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या ऐन काळात, 1942च्या ऑगस्टअखेर, मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुप्त 'काँग्रेस रेडिओ' सुरू केला. जागा बदलत बदलत तो नोव्हेंबरपर्यंत चालला. मग छापा पडला आणि उषाबेन तुरुंगात गेल्या. त्या प्रक्षेपणांना आपण देशभक्तीच्या भाषणांसाठी आठवतो. पण चितगावावरील बाँबहल्ला, जमशेदपूरचा संप, विदर्भातील आष्टी-चिमूरच्या घटना यांच्या बातम्या युद्धकालीन नियंत्रणामुळे जेव्हा दडपल्या जात होत्या, तेव्हा त्या या रेडिओने दिल्या, हे अधिक महत्त्वाचे आहे. चिमूर हे गावाचे नाव उच्चारणे, तेथे काय झाले ते सांगणे, हे त्या दिवसांत कोणत्याही वीररसयुक्त भाषणापेक्षा मोठे कृत्य होते.

आता या पत्रांना मिळणाऱ्या आधाराविषयी. 'ओस्लोबोजेन्ये'ला 1993मध्ये युरोपीय संसदेचा साखारोव्ह पुरस्कार मिळाला. गौरव योग्यच होता. पण ज्या युरोपने तो दिला त्याला वेढा उठवता येत नव्हता, आणि तळघरातल्या माणसांना त्या दिवशी हवे होते ते डिझेल आणि कागद. जेल्टन यांच्या पुस्तकाचा विशेष असा की, ते या गौरवाच्या झगमगाटाने दिपत नाही. कार्यालयातील भय, मतभेद, सोडून गेलेली माणसे, बाजू घेताना होणारी ओढाताण, हे सारे ते दाखविते. कुर्स्पाहिच यांचे आत्मकथन अर्थातच अधिक अभिमानी आहे, आणि काही ठिकाणी संपादकाचा 'मी' पत्राच्या 'आम्ही'वर मात करतो. मात्र त्यांनी नोंदविलेली एक घटना मला साऱ्या वेढ्याइतकीच मोलाची वाटते. 1990च्या निवडणुकीनंतर सत्तेवर आलेल्या राष्ट्रवादी पक्षांनी संपादक नेमण्याचा अधिकार आपल्याकडे घेणारा कायदा केला. पत्राने त्याला घटनात्मक न्यायालयात आव्हान दिले आणि युद्धापूर्वीच ती लढाई जिंकली. ती हरली असती तर इमारत कदाचित वाचली असती, पण त्या तळघरातून जे निघाले ते निघाले नसते.

स्वतंत्र पत्राला आधार द्यायचा तो असा वेळेआधी, आणि अशा रुक्ष रूपात द्यावा लागतो : कायदा, न्यायालय, कागद, शाई, वर्गणी. कागदाचा प्रश्न आपल्याकडेही सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. वृत्तपत्रांना दहा पानांची मर्यादा घालणारे सरकारी धोरण 1972च्या निकालाने रद्द झाले, कारण कागदावरील नियंत्रण हे अखेरीस आशयावरील नियंत्रण ठरते. तोफा सुरू झाल्यावर दाखविलेली सहानुभूती खोटी नसते. फक्त तिला फार उशीर झालेला असतो. 2023च्या ऑक्टोबरपासून गाझामध्ये मारल्या गेलेल्या पत्रकारांची संख्या, अशा नोंदी ठेवणाऱ्या संस्थांनी आजवर नोंदविलेल्या कोणत्याही संघर्षापेक्षा अधिक आहे, आणि त्यांतील बहुतेक तेथलेच, आपल्याच माणसांची बातमी लिहिणारे होते.

समीक्षकाच्या हाती न्यायालय नसते, कागदाची गिरणीही नसते. त्याच्या हाती एक निकष असतो, आणि तो वापरून तो वाचकाला काय मोलाचे मानावे हे वर्षानुवर्षे शिकवीत असतो. सरळ, पडताळलेल्या, नावानिशी लिहिलेल्या वाक्याला आपण हलके लेखायला शिकविले असेल, तर ते वाक्य लिहिणाऱ्याला कोणी हटविले तेव्हा वाचक अस्वस्थ झाला नाही, याचा थोडा दोष आपल्याकडे येतो. केमाल कुर्स्पाहिच 2021मध्ये निवर्तले. त्यांच्या पत्राचे ते जुने अंक माझ्या पाहण्यात आलेले नाहीत, आणि आले तरी ती भाषा मला वाचता येणार नाही. पण त्यांतील मृत्युवार्तांच्या पानावर नावे कोणत्या क्रमाने छापली असतील, याचा मी अलीकडे विचार करतो. आणि यापुढे कोणत्याही पुस्तकाला 'वृत्तपत्रीय' म्हणण्यापूर्वी ते दूषण आहे की गौरव, हे मला त्या त्या ठिकाणी स्पष्ट लिहावे लागेल.